दोघींपैकी एकीचा जोड

"कापायचं नाही म्हणजे नाही, तेत्सुजी."

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू? रोज उदबत्ती लावू त्याला?"

"संध्याकाळपर्यंत ठेव. एवढंच म्हणतेय."

"नोबुए-सान, नवं वायरिंग तीन दिवस खोक्यात पडलंय. जुनं ओढून काढायचं, नवं घालायचं, चार वाजता गाडी चालू. आणि तुम्ही सकाळपासून मेलेल्या तारांची नाडी बघत बसलाय."

"मेलेल्या नाहीत. एका जागी दुखतंय फक्त."

"कुठे?"

कुठे ते नोबुएला अजून कळलं नव्हतं. तिने कपातला चहा घोटभर घेतला. तो सकाळपासून तिसऱ्यांदा गार झाला होता. डोंगरापलीकडे सगळं बर्फ टाकून कोरडा होऊन आलेला वारा गॅरेजच्या पत्र्याच्या शटरवर थापा मारत होता, आणि दर थापेला तिचा उजवा गुडघा आपोआप हलत होता.

तेत्सुजीचं गॅरेज हामाना तळ्याच्या वरच्या अंगाला, संत्र्यांच्या टेकड्यांच्या पायथ्याशी होतं. ज्या गाड्या कुणालाच नको असतात त्या तो घ्यायचा. ही लाल अडीचशे सीसीची गाडी अशीच टेंपोत आडवी पडून आली होती. हँडलला बांधलेल्या कागदावर लिहिलं होतं: चालत नाही, कारण अज्ञात. अकरा वर्षं उभी. तीन मालकांनी हात टेकलेले. पहिल्याने बॅटरी बदलली, दुसऱ्याने कॉइल आणि रेग्युलेटर, तिसऱ्याने पुन्हा बॅटरी. चावी फिरवली की न्यूट्रलचा हिरवा दिवा मिणमिणायचा. सेल्फचं बटण दाबलं की तोही मान टाकायचा. तेत्सुजीने शेजारगावच्या एका टोफूवाल्याला रविवारी गाडी द्यायचा शब्द दिला होता. आज शुक्रवार.

इंजिन तेत्सुजीचं, तारा नोबुएच्या, अशी त्यांची वाटणी होती. आठवड्यातून तीन दिवस ती यायची. वय एकाहत्तर, केस बारीक कापलेले, कोपरापर्यंत कामासाठीच्या फुलाफुलांच्या सुट्या बाह्या चढवलेल्या. पिस्टन कसा दिसतो ते तिला विचारू नये. गाडी तर ती कधी चालवायलाही शिकली नाही. पण एकतीस वर्षं तिने घरात बसून मोटरसायकलींची वायरिंगं बांधली होती. सोमवारी कंपनीची गाडी यायची, मापात कापलेल्या तारांच्या जुड्या उतरवायची. खिळे ठोकलेल्या फळीवर तारा अंथरायच्या, जोड दाबायचे, टेप गुंडाळायची, शुक्रवारी गाडी परत. गावातल्या निम्म्या बायकांची बोटं अशीच काळी झाली होती. निम्म्या गावाचं आडनावही एकच, त्यामुळे सगळ्यांना नावानेच हाक मारायची पद्धत. नोबुए चौथ्या गटाची प्रमुख होती. आठ बायकांचा गट.

सकाळी तिने गाडीची टाकी उतरवली, तेव्हा हँडलच्या मुळाशी वायरिंगच्या टोकाला चिकटवलेली कागदाची बोटभर पट्टी तिला दिसली. निळ्या पेन्सिलीने लिहिलेला चार. खाली शिक्का: शोवा सत्तावन्न, दुसरा महिना, म्हणजे १९८२चा फेब्रुवारी.

ती खाली बसली. तेत्सुजीने विचारलं तेव्हा साखर कमी झाली असेल म्हणाली. त्याने खिशातली गोळी दिली. तिने ती खाल्ली आणि पट्टी मुठीत झाकली. पण तेत्सुजीने ती आधीच वाचली होती.

"मला कळत नाही असं समजू नका," तो आता म्हणाला. कातर त्याने फळीवर ठेवली होती, पण हात तिच्यावरच होता. "माझी आई होती त्या खोलीत. तुम्ही गाडी दुरुस्त करत नाही आहात. तुम्ही किनुयो-सानचा जोड शोधताय."

"मी बिघाड शोधतेय."

"समजा तिचा निघाला. बेचाळीस वर्षं तुमचं बरोबर होतं. कोण हार घालायला येणार आहे? आणि समजा—"

तो थांबला.

"बोल ना," नोबुए म्हणाली.

"चार वाजेपर्यंत," तेत्सुजी म्हणाला. "चार वाजता मी कापणार." आणि तो कार्ब्युरेटर धुवायला मागे गेला.

*

त्या हिवाळ्याची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यांना ती एकाच बाजूने ठाऊक होती.

थंडीत आठही जणी नोबुएच्या पुढच्या खोलीत काम करायच्या, कारण कोतात्सु तिच्याकडे मोठा होता. त्या बुटक्या टेबलावर फळी ठेवायची, टेबलाला जोडलेल्या रजईत पाय घालायचे, खालून ऊब, वरून गप्पा. नोबुएच्या सासरची संत्र्याची बाग. बाजारात न जाणारी वेडीवाकडी संत्री ती परातभर आणून मधोमध ठेवायची. प्रमुख झाली तरी घरची सून होती. घरात आलेल्या बायकांसमोर काही न ठेवणं तिला जमलं नसतं.

जोड दाबायचे चिमटे गटात दोनच होते. एक नोबुएकडे, एक किनुयोकडे. दोघी समोरासमोर बसायच्या आणि आळीपाळीने एकेक वायरिंग घ्यायच्या. चावीकडून येणारी काळी तार जिथे चार ठिकाणी फुटते, तिथे तांबं उघडं करून पितळी पट्टीत दाबायचं आणि त्यावर टेपचे सात वेढे घालायचे. मग बाकीच्या बायका वरून लांब टेप ओढायच्या.

किनुयो डावखुरी होती. शाळेत तिचा डावा हात बांधून ठेवून तो सुधारायचा प्रयत्न झाला होता, पण टेप हातात आली की तो सुटायचा. तिचे वेढे उलट्या बाजूला कलायचे, उलट्या उताराला घातलेल्या कौलांसारखे. बायका तिला हसायच्या. आणखी एक गोष्ट होती. तिच्या तळहातांना घाम यायचा. दर जोडाआधी ती ॲप्रनला हात पुसायची, एकदा नव्हे, तीनदा. "ओली किनु" म्हणायच्या तिला. तीही हसायची. संत्र्यांना मात्र ती कामात हात लावायची नाही. निघताना दोन उचलून ॲप्रनच्या खिशात टाकायची, मुलाला म्हणून.

पुढच्या वर्षी, पावसाळा उलटून थंडी पडल्यावर, कंपनीचा माणूस आला. त्याने कोतात्सुवर प्लास्टिकची पिशवी ठेवली. पिशवीत कापून काढलेले बारा जोड. टेप सोलून टाकलेली, नुसतं तांबं, आणि ते हिरवंगार. बारा गाड्या रस्त्यात बंद पडल्या होत्या. माणूस आवाज न चढवता बोलला. जोड दाबताना हाताचं काहीतरी तांब्याला लागलंय, असं त्यांच्या तपासणीत निघालं. कुणाच्या हाताचं, ते प्रमुखांनी सांगावं. एका बाईची चूक असेल तर ती बाई जाईल. प्रमुखाचीच असेल, तर मग गटाचा भरवसा कसा धरायचा? चौथा गट बंद करावा लागेल.

आठ जणी बसल्या होत्या. समोर किनुयो.

नोबुए म्हणाली, "किनुयोच्या हातांना घाम येतो."

एवढंच. ती खोटं बोलली नव्हती. किनुयोच्या हातांना घाम यायचाच. सगळ्यांनी माना हलवल्या, तेत्सुजीच्या आईनेही. किनुयोने चिमटा टेबलावर ठेवला, रजईतून पाय काढले, नीट वाकून नमस्कार केला आणि ती गेली. पुढल्या महिन्यात ती तळ्याकाठच्या गल्लीत ईल या सापासारख्या लांब माशांच्या एका खाणावळीत लागली, मागच्या अंगणात मासे चिरायला.

त्यानंतर चौथ्या गटाचं एकही वायरिंग परत आलं नाही. बघा, गावाने म्हटलं. नोबुएनेही स्वतःला तेच म्हटलं, बऱ्याचदा म्हटलं. फक्त एक झालं होतं. किनुयो गेल्यावर त्याच हिवाळ्यात तिने संत्र्यांची परात कोतात्सुवरून उचलून स्वयंपाकघरात नेली आणि काम संपल्यावरच संत्री द्यायला लागली. असं का केलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. स्वतःला विचारलंही नाही.

आणि गेली बेचाळीस वर्षं ती स्टेशनकडे जाताना ईलच्या गल्लीतून जात नव्हती. देवळाला वळसा घालून जायची. सात मिनिटं जास्त लागायची.

*

दीड वाजून गेला. नोबुए उठली, बसली, पुन्हा उठली. तिने तिच्या कापडी पिशवीतून आपलं हत्यार काढलं. एका जुन्या हेडलाइटचा बल्ब, त्याला दोन तारा, तारांच्या टोकाला चिमटे.

तेत्सुजीने काल दिवसभर मीटर लावून तपासलं होतं. फ्यूजपाशी बारा पूर्णांक चार. चावीपाशी बारा पूर्णांक चार. कॉइलपाशीही तेवढेच. सगळीकडे बारा, आणि गाडी मेलेली. म्हणून तो चिडला होता. नोबुए त्याला दर खेपेला तेच सांगायची आणि तो दर खेपेला विसरायचा. मीटर तारेकडून काही मागत नाही, म्हणून तार त्याला सगळं असल्याचं दाखवते. बल्ब मागतो. मागायला लागलं की कुणाकडे काय आहे ते कळतं.

तिने बल्ब फ्यूजच्या पुढे लावला. लख्ख. चावीच्या आत जाणाऱ्या तारेवर लावला. लख्ख. चावीतून बाहेर येणाऱ्या काळ्या तारेवर, लख्खच. म्हणजे चावी बरी. मग ती एकदम पुढे गेली, हँडलवरच्या, इंजिन बंद करायच्या लाल बटणापाशी, आणि तिथे लावला. बल्ब पिवळा झाला. विझणाऱ्या निखाऱ्यासारखा. मीटर बाजूला धरला होता, तो बारावरून सातवर उतरला.

चावीत चांगलं, लाल बटणात वाईट. मधे दीड वीत वायरिंग. त्या दीड वितीत काय असतं ते फळीवर तिने इतक्या वेळा अंथरलं होतं की डोळे मिटून सांगितलं असतं. चार तारा. एक जोड.

तिचे हात थांबले. मग ती मोठ्याने म्हणाली, "शटर लाव रे, वाऱ्याने डोकं उठलंय." शटर लावलेलंच होतं.

तेत्सुजी मागून हात पुसत आला. "सापडलं?"

"जागा सापडली."

"मग कापू? तेवढाच तुकडा."

"हात लावू नकोस."

तिने पिशवीतून घरचा केस वाळवायचा ड्रायर काढला आणि टेपवर गरम हवा सोडली. बेचाळीस वर्षांहून जुनी टेप, दगड झालेली. ती हळूहळू मऊ पडली. नोबुएने नखाने कड उचलली आणि वरची लांब टेप उलगडायला लागली. निम्मा वेढा पुढच्या वेढ्याखाली, अगदी सारखा, कुठे सुरकुती नाही.

"ही तुझ्या आईची टेप," ती म्हणाली. "एवढी ओढून दुसरं कुणी गुंडाळायचं नाही. खांदा दुखायचा तिचा."

तेत्सुजीने बोट पुढे केलं. टेपला लावलं, न लावल्यासारखं, आणि मागे घेतलं. मग स्टूल ओढून तो शेजारी बसला. तीन वाजायला आले होते, पण त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

वरची टेप संपली. खाली जोड. जोडावरचे सात वेढे.

नोबुएने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी नव्हतं. वाऱ्याने धूळ आली होती एवढंच. वेढे कुठे कलतात ते बघायला चष्माही लागत नव्हता. उलटी कौलं असती तर ती तिने दारातून ओळखली असती. ती बघत राहिली, जसं काही जास्त वेळ बघितल्याने उतार बदलेल.

वेढे उजवीकडे कललेले होते. आणि शेवटच्या वेढ्याचं टोक दुमडून छोटा त्रिकोण केलेला होता. तपासणीला सोपं जावं म्हणून. तो त्रिकोण गटात एकटी प्रमुख करायची.

"कुणाचा?" तेत्सुजीने हळूच विचारलं.

"करंट इथे अडतोय," ती म्हणाली.

तिने त्रिकोणाला धरून टेप सोडवली. एक वेढा. दोन. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे गोंदात काहीतरी अडकलं होतं, तपकिरी, केसासारखं. तिला वाटलं, रजईचा दोरा. चिमटीने उचलून उजेडाकडे धरलं. दोऱ्याला फाटे फुटत नाहीत. याला फुटले होते, दोन, आणि एकाला आणखी बारीक एक. नदीच्या नकाशासारखे. वाळून कडक झालेली ती संत्र्याची शीर होती. संत्रं सोललं की बोटाला चिकटते ती. नोबुए ती शीर कधी ताटात काढायची नाही, बोटानेच पुसून टाकायची. ती कशावर पुसली जायची, ते आता दिसत होतं.

खाली तांबं हिरवं झालं होतं. फुंकर मारली असती तर उडालं असतं.

 तेत्सुजीच्या आईने त्याला टेप गुंडाळायला शिकवलं होतं. उजवा उतार कोणता, डावा कोणता, हे त्यालाही कळत होतं. तो उठला, कपाटातून नवी पितळी पट्टी आणि चिमटा आणून तिच्यासमोर ठेवला, आणि मग उगाच झाडू घेऊन स्वच्छ फरशी झाडायला लागला.

नोबुए नळापाशी गेली. साबणाने हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. मग येऊन जोड कापला, तारा मागे सोलून लाल चकचकीत तांबं काढलं, नवी पट्टी दाबली, टेपचे सात वेढे घातले. सातव्याचं टोक दुमडायला बोटं गेली. तिने ती आवरली आणि टोक सरळ चिकटवून टाकलं.

"चावी फिरव."

हिरवा दिवा लागला. मिणमिणला नाही, डोळ्यात भरेल असा लागला. तेत्सुजीने सेल्फ दाबला. गाडी खोकली, थुंकली, पुन्हा खोकली, आणि मग धरली. गॅरेज धुराने भरलं. अकरा वर्षांनी बोलायला लागलेलं ते इंजिन आधी घोगरं, मग साफ. तेत्सुजी लहान पोरासारखा हसायला लागला. टोफूवाल्याला आत्ताच फोन करतो म्हणाला, आणि नवं वायरिंग परत पाठवतो, आणि नोबुए-सान, तुम्ही म्हणजे ना—

तिच्याकडे बघून त्याने गाडी बंद केली.

"तो तुकडा दे," ती म्हणाली. "मी कापला तो."

"कशाला?"

तिने हात पुढे केला. त्याने फळीवरचा तुकडा उचलला, पण दिला नाही. म्हणाला, बसा आधी. म्हणाला, ही गोष्ट आता आपल्या दोघांत आहे, आणि मी काय गावात दवंडी पिटणार नाही. किनुयो-सान एकोणसत्तरच्या, तुम्ही एकाहत्तरच्या. त्यांचा मुलगा मोठा झाला, संसार झाला. त्या आता सुखात असतील तर? तुम्ही जाल, सांगाल, तुमचं ओझं उतरेल आणि त्यांच्या डोक्यावर बसेल. कुणासाठी जाताय तुम्ही?

"ते जाऊन कळेल," नोबुए म्हणाली.

"आणि न कळलं तर?"

"तेत्सुजी, तू लहान होतास तेव्हाही फार प्रश्न विचारायचास. तुझी आई तुला संत्रं देऊन गप्प बसवायची. माझ्याच घरचं."

त्याने तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो कागदी रुमालात गुंडाळला, शीरसुद्धा, आणि बाह्या न काढताच बाहेर पडली. वाऱ्याने तिला दारातच मागे ढकललं. देवळाच्या वळणावर तिचे पाय सवयीने उजवीकडे वळले. ती थांबली, पाय फिरवले आणि सरळ गेली.

*

गल्लीत कोळशाचा आणि गोड सोयाचा वास होता. खाणावळीला दुपारची सुट्टी होती, पुढचा पडदा काढून ठेवलेला. नोबुए बाजूच्या बोळातून मागे गेली. तिथे पत्र्याच्या छपराखाली, वाहत्या पाण्याच्या टाकीपाशी, किनुयो उभी होती. रबरी बूट, रबरी ॲप्रन. समोर तिची फळी. बाकी सगळीकडे माशाचं डोकं उजवीकडे खिळवतात. हिच्या फळीला भोक डावीकडे होतं. मालकाने तिच्यासाठी वेगळी करून घेतली होती, चाळीस वर्षांत तिसरी. टोचा ठोकला, सुरी लावली, एका ओढीत मासा उघडला. डाव्या हाताने. इथे त्या हाताला कुणी हसत नव्हतं.

"प्रमुखबाई," किनुयो मान वर न करता म्हणाली. "पुढच्या दाराने यायचं. गिऱ्हाइकं तिकडून येतात."

"मी गिऱ्हाईक म्हणून नाही आले."

"बेचाळीस वर्षांत कधी आलातही नाहीत. सगळं गाव येतं. तुम्हाला ईल पचत नाही म्हणे."

नोबुएने वाटेत काय बोलायचं ते जुळवलं होतं. पहिलं वाक्य वाऱ्यात कुठेतरी राहिलं. तिने रुमाल फळीच्या कोरड्या कडेला ठेवला आणि उघडला. जोड, आणि त्याच्या बाजूला शीर.

किनुयोने नळाखाली हात धरले. ॲप्रनखालच्या कोरड्या फडक्याला पुसले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मग वाकून पाहिलं. करंगळीने शिरेला हलकेच हलवलं.

"शोवा सत्तावन्न," नोबुए म्हणाली. "तेत्सुजीकडे एक गाडी आलीय. तिच्यातला. माझा जोड आहे. त्रिकोण होता टेपला."

"दुसरा महिना?"

"हो."

"उशिराची संत्री," किनुयो म्हणाली. "तुमच्या सासूबाई पेंढ्यात ठेवायच्या ती. आंबट असायची. माझा मुलगा एक डोळा मिटून खायचा."

 नोबुएने टाकीची कड धरली. आत ईल एकमेकांवरून सरकत होते, एकही एका जागी थांबत नव्हता.

"तुला माहीत होतं."

"त्या माणसाने पिशवी ठेवली तेव्हा मी तुमच्या समोर बसले होते," किनुयो म्हणाली. "तुम्ही ती उचलून बघितलीत. तुमची बोटं पिवळी होती."

पाणी वाहत राहिलं. नोबुए भरभर बोलायला लागली. आपण तेव्हा खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. परात आपण उचलली, म्हणजे आतून कुठेतरी ठाऊक असणारच. आपण चुकलो. उद्याच सगळ्यांना सांगणार, गटातल्या एकेकीच्या दारात जाऊन सांगणार, की किनुयोचा एकही जोड कधी परत आला नव्हता.

"कुणाला सांगणार?" किनुयोने सुरी धुतली. "आठांतल्या उरल्या किती?"

"तिघी."

"त्यातल्या दोघी इथे उभ्या आहेत. तिसरी वृद्धाश्रमात आहे आणि पोटच्या मुलीला 'डॉक्टरीणबाई' म्हणते. तिला जाऊन सांगा. ती लगेच माफ करेल."

नोबुएला हसू आलं नाही. किनुयोलाही नाही. पण तिच्या ओठाचा एक कोपरा जुन्या सवयीने हलला, आणि तेवढ्याने नोबुएच्या तोंडून ते लाडाचं नाव निघालं, जे तिने बेचाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"किनु-चान. तो माणूस विचारत होता तेव्हा तू बोलली का नाहीस? एक शब्द बोलायचास. माझी बोटं दाखवायचीस. गट बुडाला असता तर बुडाला असता. तू का नाही बोललीस?"

किनुयोने कागदी रुमाल पुन्हा घडी घातला. जोड आणि शीर आत ठेवून, चारी कोपरे नीट दुमडून. रबरी ॲप्रन बाजूला करून खालच्या कापडी ॲप्रनच्या खिशात तो टाकला, पूर्वी मुलासाठी संत्री टाकायची तसा. मग चिरलेल्या माशांची बादली डाव्या हाताने उचलली, कोपराने मागचं दार ढकललं आणि आत निघून गेली.